तिसऱ्या पायरीवरचं पाणी

५ फेब्रुवारी १९८९

चि. कृष्णनाथ,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घ्यायचे की नाही ते तू बघ.

तुला घर सोडून दोन महिने होत आले. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, तिथून पार्से. तीन गाड्या बदलल्या की माणूस पोचतो, आणि तू मात्र मुंबईला गेल्यासारखा गप्प आहेस. सासुरवाडीच्या काजूच्या डोंगरावर तुला फारच गार वारा लागत असणार. भाग्यलक्ष्मीच्या माहेरचे लोक भले आहेत, घरजावयाला कमी पडू देणार नाहीत.

तू भर लोकांत माझा अपमान केलास तो मी गिळला. पण मी काय गुन्हा केला ते अजून मला कळलेलं नाही. तुला पाठ असलेला धडा पुन्हा सांगतो. मास्तर आहे, सवय जात नाही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी सातेरीचा कळस झरीच्या तळीवर न्हाणाला येतो. आपल्या घरातला एक जण तळीत उतरतो, दुसरा काठावर उभा राहतो. काठावरचा विचारतो, "पाणी खंय?" तळीतला पायरी सांगतो. वरून मोजून तिसरी असेल तर गावाचे सगळे कुणगे, खाचर न् खाचर, वायंगणाच्या पिकाला भिजतील. पाचवी असेल तर देवळाकडचे अर्धेच. सातवी असेल तर त्या हिवाळ्यात दुसरं पीक नाही, नांगर माळ्यावर टाकायचे. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, पाटाचं तोंड नारळाची सोडणं आणि चिकणमाती घालून बुजवायचं आणि तळी चढू द्यायची, ही आजोबांपासूनची रीत. मी तेच केलं. आता पणजीच्या साहेबांना नेमक्या त्याच दिवशी बोलावण्याची अक्कल कोणाची? तुझी. दोन वर्षं अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या तू झिजवल्यास. कंपनीच्या खाणीमुळे झर आटते हे तुला त्यांच्या डोळ्यांना दाखवायचं होतं. ते आले, कदेलावर पाठ टेकून बसले, शहाळी प्याले. तू काठावरून विचारलंस, मी तळीतून सांगितलं, "तिसऱ्या पांवड्यार." साहेबाने लिहून घेतलं. तू पुन्हा विचारलंस, जसा काही मी बहिरा. मी पुन्हा सांगितलं. ‘झरीवर परिणाम नाही’ असा कागद झाला. आणि त्याच संध्याकाळी तू पेटी उचललीस!

देवीची तळी भरली याचं वाईट वाटणारा माणूस गावात तू एकटा.

बाकी सगळं ठीक. तिसरी पायरी म्हटल्यावर सगळ्यांनी सगळे कुणगे लावले. धाकू म्हणतो त्याच्या खालच्या कुणग्यांत आठ दिवस पाणी पोचलं नाही. पाटात पालापाचोळा अडकला असेल. बघायला पाहिजे.

तुझी खोली तुझी वहिनी सुमंगला रोज झाडते. मी सांगितलेलं नाही, तीच झाडते.

शिवदास मास्तर

१४ जानेवारी १९९०

चि. कृष्णनाथ,

वर्षभरानं तुझं कार्ड आलं. पंधरा पैशांच्या कार्डावर तीन शब्द. "तोंड कधी बुजवलंस?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमनने वाचलं आणि मला विचारलं, "मास्तर, कोणाचें तोंड?" काय सांगायचं त्याला?

सोमवारी बुजवलं. दुसरं कधी बुजवणार?

गेल्या साली धाकूच्या खालच्या कुणग्यांतलं भात पोटरीत येऊन वाळलं, हे तुला कोणीतरी कळवलेलंच असणार. एकट्या धाकूचं नाही, खालच्या चौदा घरांचं. अशी वर्षं येतात. लोकांनी गुरं सोडली त्यात. मला कोणी काही बोललं नाही. आपल्या घराने सांगितलेल्या पायरीवर गावाने कधी शंका घेतलेली नाही, तू सोडून.

पण आता ऐक. तुझ्या सगळ्या अर्जांवर पाणी पडलं, तेही भरपूर. कंपनीने खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला दोन मोठे पंप लावलेत आणि ते पाणी आपल्याच पाटात सोडलंय. पाट काठोकाठ वाहतो. पाऊस चांगला होऊनही या मार्गशीर्षात पाणी पाचवीवर होतं, मी पाचवीच सांगितली. लोक हसले! म्हणाले, पायरीची आता गरज काय, पंप आहे ना. पार नदीपर्यंतचे कुणगे लागले. धाकू तर म्हणतो, "मास्तर, आमच्या आज्यान इतलें उदक पळोवंक ना." तळी उपसून साफ करायला या वर्षी कोणीही आलं नाही. मी आणि सुमंगला दोघांनी मिळून केली.

तुझी जागा काठावर रिकामी होती. धाकूला उभा केला. त्याने विचारलं, पण त्याच्या घशात तो सूर नाही. तो बाजारात मासळीचा भाव विचारल्यासारखा विचारतो.

तुझा पुतण्या देवेश कंपनीच्या वर्कशॉपात लागला. हे तुझ्या कानावर गेलं असेलच आणि तू काय अर्थ काढला असशील तेही मी ओळखतो. त्याला नोकरी तू गेल्यानंतर तीन महिन्यांनी लागली. स्वतःच्या डिप्लोमावर लागली. माझा शब्द मी कोणाला विकलेला नाही. हे दोनदा वाच.

ये एकदा. हिरवं रान बघून जा. हरलो म्हणायला लाजू नकोस.

शिवदास मास्तर

२५ ऑगस्ट १९९१

चि. कृष्णनाथ,

काजूला यंदा पाऊस फार झाला का? इथे फार झाला.

आठ दिवसांपूर्वी दुपारी देवळामागे खाणीने ओतलेल्या मातीच्या ढिगाचा एक कोपरा सुटला. माणूस कोणी गेलं नाही. धाकू पानपट्टी खात होता त्याच्या पडवीत, त्याने पाहिलं. म्हणाला, आवाजसुद्धा झाला नाही, डोंगर बसल्या जागी सरकला आणि पाटात उतरला. संध्याकाळपर्यंत वरचे कुणगे लाल. दुसऱ्या दिवशी पार नदीपर्यंत लाल. आपलं पावसाळी, सरदीचं भात फुलोऱ्यावर होतं. आता त्याची टोकं तेवढी दिसतात, तांबड्या चिखलातून.

मी गुडघाभर आत गेलो. हा चिखल आपल्या शेतातल्या चिखलासारखा पायाला धरत नाही. गुळगुळीत आहे, वास नाही त्याला. सुमंगलेने लुगडं चार पाण्यांतून काढलं, डाग गेला नाही.

एक गोष्ट आठवते आणि मला माझीच चीड येते. तो ढीग कधी उभा राहिला? मला सांगता येत नव्हतं. मग हिशेब लावला. भाषेचं आंदोलन चाललं होतं त्या दोन वर्षांत. मी मराठीवाला, तू कोंकणीवाला. मी साखळीच्या बाजारात घोषणा देत होतो, तू पणजीला. जेवताना आपण एकमेकांशी भांडणाशिवाय बोलत नव्हतो. सुमंगला म्हणायची, "दोन भाशांखातीर भांडटात, पूण भांडटात तें एकेच भाशेन." आपण दोघं भांडायचो ते नेमकं एकाच भाषेत, हे तिच्याच लक्षात आलं. आणि त्या दोन वर्षांत आपल्या पाठीमागे ट्रक येत होते आणि माती ओतून जात होते. रस्ता अडवायला आपण झाडं आडवी टाकली, पण कंपनीचा रस्ता वेगळा होता, तो आपण अडवला नाही. राज्य मिळालं, फटाके वाजवले. ढीग तोवर देवळाच्या शिखराएवढा झाला होता.

तू मात्र पाहिला होतास. सत्त्याऐंशीच्या पहिल्याच अर्जात तू तो लिहिला होतास. मी तो अर्ज वाचला होता आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून तुला परत दिला होता.

कंपनीची माणसं येऊन गेली. गाळ उचलतो म्हणाली. बघू.

शिवदास

१८ एप्रिल १९९३

चि. कृष्णनाथ,

गाळ उचलला नाही, हे तुला सांगायला नको.

पहिल्या वर्षी धाकूने त्याच्यावरच नांगर घातला. गाळ सुकला की त्याचा वरचा पापुद्रा कडक होतो, फाळ त्यावरून घसरतो. दोन बैलांच्या खांद्यांना जखमा झाल्या. त्याने बी टाकलं, कोंब आले, वीतभर होऊन पिवळे पडले आणि बसले. शेतकी खात्याचा एक तरुण आला होता, भला वाटला. त्याने मूठभर माती हातात घेतली, चुरली आणि मला म्हणाला, सर, ही माती नव्हे. ही नुसती धूळ आहे, पाणी तिच्यात शिरत नाही आणि मुळं श्वास घेत नाहीत. यावर काही यायला माणसाचं एक आयुष्य जाईल. किती सहज म्हणाला. त्याची चूक नाही, त्याला विचारलं म्हणून त्याने सांगितलं.

पंप गेले. खाणीचा तो खड्डा त्यांनी सोडला, पलीकडच्या अंगाला नवा धरला, पंप तिकडे. पाट कोरडा. मी देवेशला विचारलं, अरे, आता आपल्या झरीचं पाणी पुन्हा वाढेल ना? तो जेवत होता. भात कालवता कालवता त्याने सांगितलं. खड्ड्याचा तळ आपल्या तळीच्या तळापेक्षा साठ हात खाली आहे. डोंगराच्या पोटातलं पाणी आता तिकडे उतरतं. पंपाने तीन वर्षं आपल्याला जे दिलं ते कंपनीचं पाणी नव्हतं, आपल्याच झरीचं होतं. आपलंच पाणी वरून ओतत होते आणि आपण त्यांना नारळ देऊन आलो. हो, गावाने पंपाला नारळ फोडला होता. मीच मंत्र म्हटले. तुला ते कळवलं नव्हतं.

परसातल्या विहिरीत आता बालदी टाकली की खडखडते. पोफळी गेल्या. चार माडांची शेंडी झडली, नुसते खांब उभे आहेत. फणसाने यंदा फळ धरलं नाही. गुरांच्या दाताखाली गवत करकरतं, तांबडी धूळ बसलेली असते सगळ्यावर. सुमंगला जनेलं बंद करून स्वयंपाक करते. तुझी खोली झाडते अजून. आता तिला दिवसातून दोनदा झाडावी लागते. पावसात बेडूक ओरडले नाहीत हे भाद्रपदात माझ्या लक्षात आलं.

तुझ्या कार्डाचं उत्तर मी खोटं दिलं होतं.

शनिवारी बुजवलं. तुझे साहेब मंगळवारी यायचे होते. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर मी सोडणं घेऊन गेलो, एकटा. तीन दिवस तळी चढली. सोमवारी दुपारी लोकांना दिसावं म्हणून जाऊन वर थोडी ओली माती थापली. रीतीप्रमाणे सोमवारी बुजवलं असतं तर पाणी पाचवीवरही नसतं, सहावीवर असतं. तुला ते कळलं. तू दोनदा विचारलंस ते त्याचसाठी. मला बाहेर यायला वाट देत होतास.

आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर विश्वास ठेवून खालच्या चौदा घरांनी भात लावलं. पाटात पालापाचोळा नव्हता, कृष्णनाथ.

हे कोणाला दाखवू नकोस. भाग्यलक्ष्मीलाही नको.

शिवदास

१० नोव्हेंबर १९९५

चि. कृष्णनाथ,

मागच्या पत्राचं तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. दर वर्षी दोन वेळा पोस्टमनच्या वाटेवर उभा राहिलो, मग सोडलं.

गेल्या वर्षी पाणी सातवीवर होतं. यंदा मार्गशीर्षाचा पहिला मंगळवार २८ तारखेला येतो. तळीत आता पाणी नाही. तळाला ओल आहे, तीही एका कोपऱ्यात. देवस्थानाच्या मंडळींनी टँकर सांगितला आहे. कंपनीच पाठवणार. देवीला कंपनीच्या पाण्याने न्हाण!

टँकरवाला धोंडिबा म्हणून आहे, अथणीकडचा. एक दिवसाआड वाड्यावर पाणी घेऊन येतो. काल आपल्या पडवीत चहा प्यायला बसला. मला म्हणाला, "मास्तर, आमच्याकडं पाऊसच पडत नाही, म्हणून रान उजाड. त्यात कुणाचा काय दोष? तुमच्याकडं एवढा पाऊस कोसळतो की मला पावसाळ्यात गाडी चालवता येत नाही. आणि उन्हाळ्यात तुम्हालाच पाणी घालायला मी येतो. हे कसं काय हो?" मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. मुलांना वाळवंट दाखवताना नकाशावर राजस्थानावर बोट ठेवायचो. धोंडिबाला आणखी एक पाव घे म्हटलं.

तू मला एकदाही विचारलं नाहीस, का केलंस म्हणून. तुला वाटत असेल देवेशच्या नोकरीसाठी. गावातही काहींना वाटतं, आता वाटायला लागलंय. तसं असतं तर बरं झालं असतं. निदान काहीतरी मिळवण्यासाठी केलं म्हणता आलं असतं.

पाहुणे यायचे असले की सुमंगला शेजारून साखर आणते, बरणी भरून ठेवते. तुला माहीत आहे. घरात काही नाही हे पाहुण्याला दिसू नये. बस, तेवढंच होतं ते. पणजीचे साहेब बूट घालून येणार, सातेरीच्या तळीत वाकून बघणार आणि सहाव्या पायरीवर पाणी बघून वहीत लिहिणार. आपल्या घराने पन्नास वर्षांत सहावी कधी सांगितली नव्हती. आजोबांनी, आबांनी, कोणी सांगितली नव्हती. मला ती लाज सोसवेना. माझ्या तोंडून सहावी निघू नये म्हणून मी तोंड बुजवलं. तुझी बाजू खरी आहे हे मला शनिवारीच माहीत होतं. त्या क्षणी मला तू खरा ठरण्यापेक्षा आपली तळी भरलेली दिसणं मोठं वाटलं.

साहेबांनी जर सहावी लिहिली असती तर खाण थांबली असती का? मला माहीत नाही. कदाचित नसती. पण तुझ्याकडे एक कागद असता. माझ्यामुळे तो कागद त्यांच्याकडे आहे. तेरा गावांनी नंतर अर्ज केले, आणि प्रत्येक वेळी तोच कागद पुढे आला. तपासणी झालेली आहे, परिणाम नाही. देवेशनेच सांगितलं, ऑफिसात तो कागद फ्रेम केल्यासारखा जपून ठेवला आहे.

२८ ला ये असं मी म्हणत नाही. म्हणायचा अधिकार राहिला नाही. तारीख कळवली. धाकूचा घसा गेला आहे, काठावर यंदा कोण उभं राहील ते ठरलेलं नाही.

शिवदास

३० नोव्हेंबर १९९५

प्रिय कृष्णनाथ,

तू जेवायला थांबला नाहीस.

सुमंगलेने खतखतं केलं होतं. तू आलास हे तिला कोणीतरी सांगत आलं, तिने तुझं पान वाढलं आणि तशीच रस्त्याला पळत आली. म्हापशाची गाडी वळणावर गेली होती. तिने पान झाकून ठेवलं होतं, संध्याकाळी गाईला घातलं.

तू कधी आलास ते मी पाहिलं नाही. तू काय काय पाहिलंस ते मला माहीत नाही, म्हणून मला जे दिसलं ते सांगतो.

सकाळी धोंडिबाने पूर्ण टँकर तळीत सोडला. मी सवयीने आधीच सोडणं आणि माती घेऊन पाटाचं तोंड बुजवलं होतं. म्हटलं, टँकरचं तरी थांबेल. तळीला कुठे भेगा गेल्यात देव जाणे. कळस निघेपर्यंत निम्मं गेलं. कळस वाटेत वडाखाली थांबला तोवर तळ दिसायला लागला. धोंडिबा काठावर उभा राहून बघत होता, म्हणाला, "मास्तर, ही तळी पाणी पीत न्हाई, गिळत्येय." त्याने टँकरच्या तळाला उरलेलं पाणी एका कळशीत काढून ठेवलं, देवीला म्हणून. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ढोल वाजले. मी उतरलो. पहिल्या पायरीपासून मोजत उतरायची सवय आहे, सातही पायऱ्या उतरलो आणि तळावर उभा राहिलो. पायाखाली ओली माती, बस. काठावर कोणाला उभं करायचं यावर वर कुजबुज चालली होती. कोणी बाबाजीचं नाव घेतलं, कोणी म्हणालं, यंदा प्रश्नच नको, कळसाला न्हाण घाला आणि आटपा. मला वाटलं बरंच झालं.

तेवढ्यात तू विचारलंस.

"पाणी खंय?"

सात वर्षांनी मी तो आवाज ऐकला. मी वर बघितलं, ऊन थेट डोळ्यांवर होतं. तुझी नुसती आकृती दिसली, छत्री हातात, आणि तूच आहेस हे सुद्धा मला आवाजावरूनच ओळखता आलं. तुझे केस पांढरे झालेत की उन्हाने तसे दिसले, ते कळलं नाही.

मी म्हणालो, "पाणी ना."

भटजी वरून ओरडले, "मास्तर, पांवडो सांगचो पडटा. ना अशें म्हणूंक जायना."

तू पुन्हा विचारलंस. त्या दिवसासारखं. तसंच, न चिडता.

मग मी सांगितलं. तू ऐकलंस की नाही याची मला खात्री नाही, कारण मला माझा आवाज मोठा येईना. म्हणून इथे लिहितो. मी म्हणालो, "पाणी ना. त्या वर्साय तिसऱ्यार नाशिल्लें. सव्या पांवड्यार आशिल्लें. शेनवारा हांवें तोंड बुजयिल्लें. म्हज्या भावाक खोटो केलो."

ढोलवाल्याने ढोल खांद्यावरून उतरवला. धाकू काठावर बसला होता, ज्याचे चौदा घरांत सगळ्यांत जास्त कुणगे वाळले तोच. बसलेल्या घशातून तो म्हणाला, "आतां सांगून कितें जातलें, मास्तर?" शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आता सांगून काय होईल. मग भटजींनी धोंडिबाची कळशी घेतली, कळसावर पाणी घातलं, ढोल पुन्हा वाजले आणि सगळे देवळाकडे निघाले. मी वर आलो तेव्हा तू नव्हतास.

सोबत एक कागद आहे. त्यावर जे बोललो तेच शुद्ध मराठीत लिहिलंय, तारखेसह, शनिवारसह, खाली माझी पूर्ण सही. साक्षीदार म्हणून सुमंगला आणि देवेशची सही आहे. तुला जिथे पाठवायचा तिथे पाठव. कोंकणीत हवा असेल तर सांग, तसाही लिहून देतो, चुका तू काढ. उपयोग होणार नाही हे मी जाणतो. ज्या झरीची तपासणी व्हायची ती झर राहिलेली नाही. तुझ्या हातात सात वर्षांपूर्वी असायला हवा होता तो कागद आज देतो आहे.

काल मी तळीवर गेलो आणि पाटाच्या तोंडातली सोडणं उपटून काढली. आत वाकून बघितलं तर सरळ पलीकडचं रान दिसतं, नदीपर्यंत लाल, मध्ये काही नाही. पाणी असताना ते कधी दिसत नसे.

देवस्थानाची बैठकही कालच झाली. पुढच्या वर्षापासून कळसाला न्हाण देवळापाशी नळावर. तळीवर कोणी जायचं नाही, पायऱ्या ढिल्या झाल्यात म्हणे. म्हणजे तो प्रश्न आता कोणी कोणाला विचारायचा नाही. तू विचारलास तो शेवटचा.

तू विचारलास, बरं केलंस. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा काहीतरी पायरी सांगून मोकळा झालो असतो.

तुझा,
भाई